टंचाईच्या दिवसांत न विचारण्याचा प्रश्न

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर एकाच साच्यातला मेसेज दिवसातून कितीदा तरी येऊन पडत होता. पेशंटचं नाव, वय, सॅच्युरेशन, एचआरसीटी स्कोअर, सध्या कुठे आहे, ऑक्सिजन बेड हवा की व्हेंटिलेटर बेड, नातेवाइकाचा नंबर. शेवटी ‘अर्जंट’. काही तासांनी त्याच ग्रुपवर ‘बेड मिळाला, आभार’ असं यायचं, नाहीतर नुसतंच ‘आता गरज नाही’. त्यापुढे काही विचारायला कुणी धजावत नसे. पालिकेच्या वॉर रूमला, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला, ओळखीच्या नगरसेवकाला लागेल ती सगळी माहिती त्या मेसेजात असे. ऐंशी ओलांडलेल्या, वर्षभर डायलिसिसवर असलेल्या आजोबांना श्वासनलिकेत नळी घालून घ्यायची आहे का, एवढं मात्र त्यात कधीच नसे.

यावर महासाथीनंतर बरंच लिहून-बोलून झालं. आपण मरणाविषयी बोलत नाही, रुग्णाला विचारत नाही, म्हणून त्या काळात हजारो म्हातारी माणसं मनाविरुद्ध मशीनवर गेली, असा त्यातला सूर. तो खोटा नाही. पण तेव्हाच विचारायला हवं होतं, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. व्हेंटिलेटरसाठी रांग लागलेली असताना हा प्रश्न विचारला गेला नाही, हे बरंच झालं. तो विचारायची वेळ ती नव्हतीच. टंचाईत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं मानता येत नाही, कारण विचारणाऱ्याला कोणतं उत्तर सोयीचं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

ब्रिटनने तो टंचाईत विचारला. तिथे हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशी नोंद रुग्णाच्या कागदात करण्याची पद्धत जुनी आहे, आणि एकेका माणसाशी बोलून केली तर ती चांगलीही आहे. मार्च २०२० मध्ये घाई झाली. वेल्समधल्या माएस्टेग गावातल्या एका दवाखान्याने आपल्या गंभीर आजारी रुग्णांना पत्र पाठवून असा फॉर्म भरून द्यायला सुचवलं. फॉर्म भरलात तर तुटपुंज्या रुग्णवाहिका तरुण आणि धडधाकट लोकांसाठी वापरता येतील, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. गदारोळ झाल्यावर माफी मागण्यात आली. त्याच महिन्यात तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने अतिदक्षता विभागात कुणाला घ्यावं हे ठरवताना माणसाचा दुबळेपणा मोजण्याची एक श्रेणी वापरायला सांगितलं. स्वयंपाकाला, अंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का, यावर ती श्रेणी बेतलेली. अपंगांच्या संघटनांनी विचारलं, की मग सेरेब्रल पाल्सी असलेल्या तिशीतल्या माणसाला तुम्ही मरायला टेकलेला समजणार का? पाचच दिवसांत, २५ मार्चला, सुधारणा करावी लागली. पुढे मार्च २०२१ मध्ये तिथल्या आरोग्यसेवा नियामकाच्या अहवालात पाचशेहून अधिक अशा नोंदी आढळल्या, ज्यांबद्दल रुग्णाशी वा घरच्यांशी धड बोलणंच झालं नव्हतं.

जिथे या विषयावर दशकानुदशकं चर्चा चालू आहे आणि उपचार फुकट आहेत, तिथे हे झालं. आपल्याकडे वॉर रूमने फोनवर ‘काका, तुम्हाला व्हेंटिलेटर हवाच आहे का?’ असं विचारायला सुरुवात केली असती, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

नागपुरात मात्र त्या महिन्यात एका माणसाने, कुणी न विचारता, स्वतःच उत्तर दिलं. ८५ वर्षांचे एक गृहस्थ महापालिकेच्या रुग्णालयात दाखल झाले, काही तासांतच घरी परतले आणि तीनेक दिवसांनी वारले. आपण आयुष्य जगलो, ही खाट तरुण माणसाला द्या, असं म्हणून ते उठले, अशी गोष्ट देशभर फिरली. मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांनी नमस्कार केला. दुसऱ्याच दिवशी विरुद्ध बाजू उभी राहिली: रुग्णालयाच्या नोंदीत तर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेल्याचं, म्हणजे ‘डामा’, असं आहे, खाट कुणाला दिली याचा पुरावा नाही, ते ज्या संघटनेचे होते तिच्या जाहिरातीसाठी रचलेली ही कथा आहे. घरच्यांनी सांगितलं, निर्णय त्यांचाच होता. चार दिवस आपण हुतात्मा की बनाव यावर भांडलो. ८५ वर्षांच्या माणसाला आयसीयूत परक्यांमध्ये मरायचं नसेल, घरी मुलीजवळ मरायचं असेल, एवढं साधं कारण कुणालाच पुरेसं वाटलं नाही. त्याला एक तर त्यागाची झालर लागत होती, नाहीतर कटाची. खाटा मुबलक असताना हेच गृहस्थ घरी गेले असते, तर वर्तमानपत्रात ओळही आली नसती. आली असती ती हॉस्पिटलच्या कागदावर, ‘डामा’ एवढ्या दोन अक्षरांत, आणि त्यात नातेवाइकांच्या हटवादीपणाचा सूर मिसळलेला असता.

त्या काळातली व्हेंटिलेटरबद्दलची लोकभावना तपासायला गेलं तर ती एका वेळी दोन टोकांना सापडते. एका टोकाला ते यंत्र म्हणजे संजीवनी. मे २०२० मध्ये पीएम केअर्समधून २,००० कोटी रुपयांत ५०,००० व्हेंटिलेटर घेण्याची घोषणा झाली, तेव्हा आकडा ऐकूनच हायसं वाटलेले लोक होते. पुढे औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला मिळालेल्या १५० पैकी ११३ यंत्रं सदोष असल्याचा आणि ३७ खोकी उघडलीच नसल्याचा मुद्दा मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. केंद्राने तो फेटाळला, वाद रंगला. पण त्या वादातही प्रश्न एवढाच होता की यंत्र चालतं का. यंत्र चालवायला चोवीस तास लागणारे प्रशिक्षित डॉक्टर आणि नर्स कुठे आहेत, हा प्रश्न मागच्या बाकावर बसला. आणि चाललं तर त्याने कुणाचं काय होतं, हा प्रश्न वर्गात शिरलाच नाही.

दुसऱ्या टोकाला तेच यंत्र म्हणजे बिल वाढवण्याचं साधन. ‘मेलेल्याला चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवतात’ हे वाक्य महाराष्ट्रात एखाद्या म्हणीसारखं पाठ आहे. २०१५ च्या ‘गब्बर इज बॅक’ सिनेमातला, मृतदेहावर उपचार करून पैसे उकळणाऱ्या हॉस्पिटलचा प्रसंग वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. काहींना तर तो बातमीचा व्हिडिओ वाटतो. हा संशय अगदीच हवेतला होता असंही नाही. राज्य सरकारला खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून द्यावे लागले, व्हेंटिलेटरसह आयसीयूचा दिवसाला ९,००० रुपये, आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले. गंमत म्हणा वा दुर्दैव, सकाळी व्हेंटिलेटर बेडसाठी आकाशपाताळ एक करणारा आणि रात्री ‘उगाच लावून ठेवलाय, पैसे काढतायत’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एकच असे. दोन्ही वेळा तो यंत्राबद्दल बोलत होता, आणि यंत्राला जोडलेल्या माणसाबद्दल त्याला काही ठाऊक होण्याची सोयच नव्हती.

कारण आयसीयूचं दार बंद होतं. एरवी आपल्याकडे आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर अख्खं घर मुक्काम ठोकतं. डबा, चादर, शेगावचा अंगारा, काचेतून दिसणारा मॉनिटर. दोन-तीन दिवसांत वॉर्डबॉयच्या चेहऱ्यावरूनही अंदाज येतो, आणि मग घरातलं एखादं अनुभवी माणूस हळूच म्हणतं, ‘आता देवावर सोडा.’ निर्णय असा घडत असतो, कागदाशिवाय. कोविडमध्ये हा सगळा मधला प्रदेश पुसला गेला. संध्याकाळी एक फोन यायचा: ‘पेशंट क्रिटिकल आहे, पण स्टेबल आहे.’ या वाक्यावर घरात रात्रभर खल चालायचा, क्रिटिकल धरायचं की स्टेबल. मग कधीतरी फोन यायचा, नळी टाकावी लागेल, हो म्हणताय ना? अशा वेळी माणूस हो म्हणतो. न भेटता, न बघता नाही कोण म्हणणार?

त्यात एक आवाज न्यू जर्सीहून किंवा सिडनीहून येत असे. विमानं बंद, व्हिसा बंद, आई पुण्यात एकटी. त्या मुलाला कमी लेखू नये. त्याच्या हातात बोलण्यापलीकडे काहीच उरलं नव्हतं, म्हणून तो ‘डॉक्टर, काहीही कमी पडू देऊ नका, पैशाचा विचार करू नका’ हे पुनःपुन्हा बोलत होता. अमेरिकेतले डॉक्टर अशा दूरच्या नातेवाइकाला थट्टेने ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणतात, आणि कॅलिफोर्नियात तीच मुलगी न्यूयॉर्कहून येते. तेव्हा हा काही मराठी मध्यमवर्गाचा खास रोग नव्हे. आपली भर एवढीच, की इथे त्या आवाजामागे पैसाही असतो, आणि बिल भरणाऱ्याचं म्हणणं उशाशी बसलेल्या बहिणीच्या म्हणण्यापेक्षा वजनदार ठरतं.

व्हेंटिलेटर नक्की काय करतो, हे मात्र दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. तो फुप्फुसं बरी करत नाही. फुप्फुसं स्वतःहून सावरेपर्यंत श्वासाचं काम तो उचलतो, आणि त्यासाठी घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते, ती सहन व्हावी म्हणून गुंगीत ठेवावं लागतं, अर्धवट शुद्धीत नळी ओढू नये म्हणून कधी हातही बांधावे लागतात. चाळिशीतल्या माणसाला या उसन्या दिवसांत सावरायला वाव असतो, आणि असे अनेक जण परत चालत घरी आले. मूत्रपिंडं आधीच थकलेल्या, उठता-बसता आधार लागणाऱ्या पंच्याऐंशीच्या माणसाला तो वाव फारच थोडा असतो. ब्रिटनमधल्या आयसीयूंच्या सुरुवातीच्या आकडेवारीत व्हेंटिलेटरवर गेलेले निम्म्याहून अधिक कोविड रुग्ण दगावलेले दिसले होते, आणि ते सगळ्या वयांचे मिळून. नव्वदीतले आजोबा बरे होऊन टाळ्यांच्या गजरात घरी गेल्याची बातमी खरी असते. पण ती बातमी होते, यातच तिचं उत्तर आहे.

आपली संस्कृती मरणाला घाबरते, असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी विनोबांची आठवण करून देईन. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं. इंदिरा गांधींनी विनवूनही त्यांनी घेतलं नाही. महाराष्ट्राने हात जोडले. त्याआधी १९६६ मध्ये सावरकरांनीही प्रायोपवेशन केलं. संतांच्या समाधीचा तर विषयच वेगळा. म्हणजे मोठ्या माणसाने ‘आता पुरे’ म्हणणं आपल्याला कळतं, पूज्य वाटतं. घरातल्या आजीने तेच म्हटलं तर आपण म्हणतो, असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.

आणि आजी म्हणत असते. खेड्यात पूर्वी ‘म्हातारीनं अन्न सोडलं’ एवढ्या वाक्यावर गावाला सगळं समजायचं. लेकी माहेरी यायच्या, कुणी चमच्याने पाणी द्यायचं, आठ-दहा दिवसांत संपायचं. या चित्रावर मी लोभावून गेलेलो नाही. त्यात कितीदा साधा न्युमोनिया असेल, जो दोन इंजेक्शनांत बरा झाला असता. कितीदा सुनेची चालढकल किंवा खिशातली चणचण असेल. तरीही त्या घराला एक गोष्ट जमत होती: तोंड फिरवणाऱ्या म्हातारीचं तोंड फिरवणं ते उत्तर म्हणून घेत होतं. आज त्याच क्षणी नाकातून अन्न घालायची रायल्स ट्यूब येते.

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात महाराष्ट्राला हा विषय सगळ्यात जवळून दिसला. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाल्यापासून त्या तिथेच अचेतन पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणींच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अन्न थांबवण्याची विराणींची मागणी नाकारली, पण कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली. मागणी नाकारताना केईएमच्या परिचारिकांच्या सेवेला न्यायालयाने वजन दिलं, आणि ते योग्यच होतं. अंगाला शय्याव्रण न होऊ देता इतकी वर्षं एखाद्याला जपणं ही साधी गोष्ट नव्हे. मात्र शेवटची नोंद सहसा कुणी सांगत नाही. मे २०१५ मध्ये न्युमोनिया झाल्यावर त्यांना व्हेंटिलेटर लावण्यात आला होता, आणि त्या अवस्थेतच १८ मे रोजी त्या गेल्या. कायद्याचा रस्ता ज्यांच्या नावाने उघडला, त्यांच्याही बाबतीत शेवटी हात आपसूक यंत्राकडेच गेले.

पुढचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निकाल. पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला जागा दिली. पण अटी अशा, की ते दोन साक्षीदारांसमोर करून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही घ्यायची. अंमल करायचा झाल्यास आधी हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं दुसरं मंडळ, आणि त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं. महासाथ आली ती नेमकी या नियमांच्या राज्यात. जिल्हाधिकारी ऑक्सिजनचे टँकर मोजत असताना कुणी त्यांच्याकडे असं मंडळ मागायला गेलं असतं, तर त्याला वेड्यातच काढलं असतं. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच हे सोपं केलं. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, दोन्ही मंडळं हॉस्पिटलच नेमतं, शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. इच्छापत्राची प्रत पालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची तरतूद आहे. असा अधिकारी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे राज्यात नेमणुका झाल्या. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून तिथे सुरुवात करून दिली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. ज्या राज्यात तालुक्याच्या गावी आयसीयू नाही, तिथे उपचार नाकारण्याच्या हक्काची चर्चा म्हणजे भरल्या पोटीचे चोचले. ज्याला खाटच मिळाली नाही, त्याने काय नाकारायचं? मला हे अर्धंच मान्य आहे. ज्याला उपचार मिळण्याची खात्री आहे, त्याच्याच नकाराला अर्थ असतो, आणि म्हणून सरकारी रुग्णालयं सुधारण्याची मागणी या मागणीच्या पुढे चालली पाहिजे, मागे नाही. पण गरिबाच्या घरी असे निर्णय होत नाहीत, हे खरं नाही. ते रोज होतात. जिल्हा रुग्णालयात निवासी डॉक्टर खालच्या आवाजात सांगतो, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ रिक्षा किंवा जीप ठरते, नळ्या काढल्या जातात, कागदावर नातेवाइकाचा अंगठा. या निर्णयात मंडळ नाही, नोंद नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोबत एकही औषध नाही. घरी पोचल्यावर धाप लागते, माणूस रात्रभर उशाला टेकून बसतो, घरचे बघत राहतात.

ती धाप कमी करता येते. थोड्या मॉर्फिनने गुदमरण्याची भावना पुष्कळ निवते. उपशामक सेवेतल्या कुणालाही विचारा. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, तेव्हापासून हे ज्ञान आपल्या राज्यात आहे. कायदेशीर अफू आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या शेतांत पिकते. मॉर्फिनचे परवाने सोपे व्हावेत म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. तरी गावच्या औषधाच्या दुकानात ते मिळत नाही आणि बऱ्याच डॉक्टरांना ते लिहून द्यायची भीती वाटते. व्हेंटिलेटरवर २,००० कोटी खर्चायला निघालेल्या देशाने महासाथीत मॉर्फिनसाठी काय केलं, हे विचारणारा एकही मेसेज मला तेव्हा आल्याचं आठवत नाही. ज्यांना यंत्र मिळणारच नव्हतं, त्यांच्यासाठी मागायची गोष्ट तीच होती.

तेव्हा बोलायचं ते आता, खाटा रिकाम्या असताना, आणि घरात कुणी आजारी नसेल तर जास्तच चांगलं. सातबारा, फ्लॅट, लॉकर यांचं मृत्युपत्र करताना आपल्याकडे कुणाला अभद्र वाटत नाही. त्याच बैठकीत हा कागद होऊ शकतो. त्यात ‘मला व्हेंटिलेटर नको’ असं ठोकून लिहायचं कारण नाही. उद्या साध्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस लागला, तर तो हवाच आहे. लिहायचं ते असं: बरं होऊन निदान माणसं ओळखण्याइतकं परतण्याची शक्यता असेल तर लावा, अमुक दिवस पाहा, सुधारणा नसेल तर काढा आणि धाप लागू देऊ नका. ‘लावून पाहू’ हा मधला मार्ग असतो, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. एकदा लावला की काढता येत नाही, या समजुतीनेच अर्धे लोक घाबरून नाही म्हणतात आणि उरलेले अडकतात.

कागदावर आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं द्यायची असतात, एकापेक्षा अधिक दिली तरी चालतात. आपण सवयीने थोरल्या मुलाचं नाव घालणार. तो परगावी असेल, त्याला आयसीयूच्या दारात रडू कोसळत असेल, तरीही. पण कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची, मागच्या वेळी हॉस्पिटलातून आल्यावर सासूबाई काय म्हणाल्या होत्या, हे बऱ्याच घरांत सुनेला माहीत असतं. २०२१ मध्येही संध्याकाळचा तो फोन कितीतरी घरांत तिनेच उचलला होता. संमतीची वेळ आली, की पलीकडून विचारलं जायचं, ‘घरातलं कुणी मोठं आहे का?’